चौदावं रीळ

धुळे, ४ नोव्हेंबर २०२५

नजीरभाऊ,

दिवाळीचं कार्ड पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, पोस्टरवर रंगवल्यासारखं. कार्डावर यंदाही "यजमानांना सलाम" लिहिलंत. चाळीस वर्षं लिहिताय आणि मीही काही बोलत नाही. त्याचं पुढे बघू. फोनच केला असता, पण मागच्या वेळी तुम्ही अर्धा तास "हॅलो, हॅलो" करत राहिलात आणि मी अर्धा तास स्वतःचंच नाव ओरडत राहिले. तंबूच्या इंजिनाशेजारी तुमचे कान गेले ते गेले. म्हणून पत्र.

विचारायचं आहे ते एका सिनेमाबद्दल. १९८० साली पहूरच्या जत्रेत, आमच्या आबांच्या पडीक शेतात तुमचा तंबू लागला होता आणि तुम्ही 'कडीकोयंडा' लावला होता. त्यातली गोदा घर सोडते तो प्रसंग आठवतो ना? सासरा, दीर, नवरा ओसरीत उभे. नवरा म्हणतो, "आज गेलीस तर हे दार पुन्हा उघडणार नाही." गोदा पायऱ्या उतरते, मागे वळते आणि म्हणते, "दार तुम्ही लावा. कडी मी बाहेरून घालते." आणि घालते. मग ती चालत जाते, मागून दार ठोठावल्याचा आवाज येतो, आणि समाप्त.

मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. दर वर्षी निरोपाच्या दिवशी दहावीच्या मुलींना धडा नाही, कविता नाही, हा प्रसंग सांगितला. अजून बाजारात एखादी बाई थांबवते, कडेवर नातू असतो, आणि म्हणते, "मॅडम, कडी मी बाहेरून घालते." इतकं ते वाक्य टिकलं आहे.

आता अडचण सांगते. माझा धाकटा भाऊ भूपेंद्र, तुमच्या रिळांच्या पेट्यांवर चढून बसायचा तो, त्याची मुलगी दिपमाला सव्वा महिन्यापासून माझ्याकडे आहे. तिचं सासर जळगावला. इथे धुळ्याला पाटबंधारे खात्यात तिला लिपिकाची नोकरी लागली. सासरचे म्हणाले, सोड. तिने सोडली नाही, रोज बसने ये-जा करायला लागली. तेव्हापासून चार महिने त्या घरात तिच्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. नवरा तेजससुद्धा नाही. ताट वाढलेलं असायचं, पण "जेव" असं कोणी म्हणायचं नाही. एका संध्याकाळी ती ऑफिसातून जळगावच्या बसकडे न जाता माझ्याकडे आली. भूपेंद्र म्हणतो, मारलं तर नाही ना कोणी? त्याने तीस तारखेला, रविवारी, माझ्याच घरी बैठक ठेवली आहे. सासरची चार माणसं येतील आणि तिला घेऊन जातील, असा त्याचा बेत.

तिला धीर यावा म्हणून मी गोदा सांगितली. एकदा नाही, सात-आठ वेळा तरी. परवा तिने तो सिनेमा मोबाइलवर शोधून काढला आणि अख्खा पाहिला. मग म्हणाली, "आत्या, ती परत जाते की."

मी मोबाइल हातात घेऊन पाहिलं. खरंच जाते. तीन महिन्यांनी येते, नवऱ्याच्या पाया पडते आणि म्हणते, "बाईच्या घराची कडी आतूनच शोभते." मग सनई वाजते आणि समाप्त.

नजीरभाऊ, आपल्या तंबूत हे दाखवलं होतं का? मी झोपले होते की मला भ्रम झालाय? काल दिपमालाने तिची बॅग काढून पलंगावर ठेवली आहे. लवकर लिहा.

रत्ना


भुसावळ, ९ नोव्हेंबर २०२५

रत्नाताई,

तुम्हाला काही भ्रम झालेला नाही. तुम्ही जे पाहिलं तेच मी दाखवलं होतं. पण ते का, हे समजायला आमचा धंदा समजून घ्यावा लागेल. म्हाताऱ्याला विषय दिलात, आता वाचा.

झुलालशेठचे तंबू दोन. एक शेंदुर्णीला, एक तुमच्याकडे. प्रिंट मात्र एकच, चौदा रिळांची. शेंदुर्णीला दोन-तीन रिळं दाखवून झाली की आमचा पोऱ्या नथ्थू ती सायकलला बांधून पहूरला आणायचा, टाकून परत पळायचा. म्हणून आपला खेळ शेंदुर्णीच्या मागे दीड तास चालायचा. रीळ यायला उशीर झाला की मी पडद्यावर लंगोटीची जाहिरात लावायचो. लोक शिट्ट्या मारायचे, मग बिड्या पेटवायचे, पण उठत नसत. त्या दिवशी नथ्थूची सायकल वाटेत पंक्चर झाली आणि चौदावं रीळ आलंच नाही. गोदा कडी घालून निघाली तिथे तेरावं संपलं. मग मी एका जुन्या पिक्चरचा 'समाप्त'चा तुकडा जोडला. लोकांनी बुडाखालची पोती झटकली आणि घरी गेले. काही राहिलंय असं एकालाही वाटलं नाही. यावरून काय ते समजा.

वाक्यांचं म्हणाल तर मला वेगळंच एक आवडायचं. एका पिक्चरमध्ये शेतकरी कचेरीत साहेबाला म्हणतो, "तारीख तुम्ही देता साहेब, दिवस माझा जातो." मागच्या महिन्यात पेन्शनच्या खिडकीवर मी तेच म्हटलं. आतली पोरगी हसली आणि तेव्हाच कागद घेतला. पंचेचाळीस वर्षांनी एखादं वाक्य कामाला आलं तर लिहिणाऱ्याला दुवा द्यावी.

दिपमालाला माझा आशीर्वाद. यजमानांना सलाम.

नजीर


धुळे, १३ नोव्हेंबर २०२५

नजीरभाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लंगोटीच्या जाहिरातीला हसले. पंक्चरला मात्र हसू आलं नाही, कारण ते खोटं आहे.

काल भूपेंद्र बैठकीचं ठरवायला आला होता. त्याला विचारलं, तुला 'कडीकोयंडा'चा शेवट आठवतो का? म्हणाला, "कडी घालते नि जाते. मी रविवारी पाहिला, नजीरभाऊच्या पेटीवर बसून." मी पाहिला तो शुक्रवारी. तुमचा खेळ चार दिवस होता. नथ्थू बिचारा चारही दिवस नेमका चौदाव्या रिळालाच पंक्चर होत होता का? मी तीस वर्षं मुलांची कारणं ऐकली आहेत. खरं काय ते लिहा.

आणि यजमानांचं. यजमान नाहीत, भाऊ. एकोणिसाव्या वर्षी माझं नशिराबादला लग्न झालं होतं. मी डी.एड.ला नाव घातलं होतं, ते त्यांनी काढलं. पुस्तकं बंबात घातली. वर्षभराने जत्रेसाठी म्हणून मला माहेरी पाठवलं, आणि सोमवारी परत जायचं होतं. शुक्रवारी तुमच्या तंबूत गोदा पाहिली. मी परत गेले नाही. आबा गावात सांगायचे, जावई बाहेरगावी असतो. तुम्हीही तेच ऐकलं असणार. मला पुढे खोडून काढायचा कंटाळा आला आणि तुमच्या सलामाची सवय झाली. दिपमालालासुद्धा आम्ही एवढंच सांगितलेलं आहे की आत्याचं काही जमलं नाही.

आता माझी अवस्था बघा. पासष्टाव्या वर्षी मला कळतंय की ज्याच्या जोरावर मी उभी राहिले तो शेवटच नव्हता. कुणीतरी एक रीळ दाबून ठेवलं म्हणून मी शिक्षिका झाले. ते आलं असतं तर मीही सोमवारी नशिराबादच्या गाडीत बसले असते का? याचा मला राग येतो आणि भीतीही वाटते. अशी बाई दिपमालाला काय तोंडाने सांगणार की जाऊ नकोस? तिची बॅग आता भरलेली आहे. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

रत्ना


भुसावळ, १८ नोव्हेंबर २०२५

रत्नाताई,

माफ करा. पंक्चर खोटं होतं. चौदावं रीळ चारही दिवस वेळेवर आलं होतं. मी ते पेटीत ठेवून वर बसलो होतो.

आपली माणसं पडद्यावरचं पिक्चर बघतात, ऑपरेटर माणसं बघतो. तंबूत मधे कनात असायची, इकडे पुरुष, तिकडे बायका. मशीन उंचावर, त्यामुळे मला दोन्हीकडचं दिसायचं. गोदा कडी घालायची तेव्हा बायकांच्या बाजूला कुणी ओरडत नव्हतं, पण सगळ्या ताठ बसायच्या. चौदावं रीळ लागलं की पुरुषांकडून टाळ्या पडायच्या आणि बायका पदर सावरून चपला शोधायला लागायच्या. हे मी पहूरच्या आधी वरणगावच्या मुक्कामात रोज पाहिलं.

वरणगावला एक दिवस माझी बहीण सलीमा खेळाला आली होती, अम्मीबरोबर. तिचं सासर बऱ्हाणपूरचं. दोन वर्षं त्यांनी तिला माहेरी पाठवलं नव्हतं, आणि आली ती अंगावरच्या कपड्यांनिशी, न सांगता. महिनाभर घरी होती. का आलीस असं कुणी विचारलं नाही, सगळे वाट बघत होते की ती स्वतःहून काय म्हणते. तिने पिक्चर पाहिलं, पूर्ण चौदा रिळं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "मला बसमध्ये बसवून दे." मी बसवून दिलं. स्टँडवर तिला केळी घेऊन दिली. त्यानंतर ती नऊ वर्षं आली नाही. आली तेव्हा नवरा वारला होता आणि तिचं वजन निम्मं झालं होतं. तेव्हापासून माझ्याकडेच आहे. त्या नऊ वर्षांत काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ती गेली त्याच आठवड्यात आम्ही पहूरला आलो. पहिल्या दिवशी नथ्थूने चौदावं रीळ हातात दिलं आणि माझ्याने ते मशीनला चढवलं गेलं नाही. पुढे सगळा हंगाम मी ते दाखवलं नाही. शेवटी जळगावच्या एका माणसाने झुलालशेठकडे तक्रार केली आणि शेठने मला काढलं. बरोबरच केलं त्यांनी. दुसऱ्याच्या पिक्चरला कात्री लावायचा मला काय हक्क? तेव्हापासून मनात आहे की मी हजारो माणसांना फसवलं. त्यातून कुणाचं काही भलं झालं असेल असं कधी वाटलं नव्हतं. 

यजमानांना सलाम आता थांबवतो.

नजीर


धुळे, २२ नोव्हेंबर २०२५

नजीरभाऊ,

रागवायचं ठरवून पत्र उघडलं होतं, जमलं नाही. तुम्ही फसवलं असेल तर मी तुमची ऋणी आहे.

पण एक विचारते. सलीमाला तुम्ही हे कधी सांगितलंत का? तिच्यासाठी तुम्ही नोकरी घालवली आणि ती तुमच्याच घरात चार पावलांवर बसलेली असेल. तुमच्या दोघांचं हे न विचारणं न सांगणं वाचताना मला माझंच घर दिसलं. मी आणि दिपमाला इथे तसंच करतोय. ती सहाला ऑफिसातून येते, आम्ही भाजी निवडतो, मालिका बघतो, आणि बॅगेकडे दोघीही बघत नाही. मी पुन्हा एकदा गोदाचा विषय काढला, म्हटलं शेवट काही असो, ते वाक्य खरं होतं. ती "हो" म्हणाली आणि उठून भांडी घासायला गेली.

तिला तो शेवट पटलाय असं दिसतं. बैठकीला आठ दिवस राहिले. सलीमाला विचारा. शेवट बघून ती का गेली, नेमकं काय वाटलं, ते मला कळलं तर कदाचित दिपमालाला काय सांगायचं ते सुचेल.

रत्ना


भुसावळ, २५ नोव्हेंबर २०२५

रत्नाताई,

स्पीड पोस्टने पाठवतोय, म्हणजे रविवारच्या आत मिळेल.

काल दुपारी सलीमा तांदूळ पाखडत होती. तुमची तिन्ही पत्रं तिला वाचून दाखवली, आणि माझी मी काय लिहिली होती तेही सांगितलं. माझे कान गेल्यापासून ती माझ्याशी खुणेनेच बोलते.  काल मात्र तिने सूप खाली ठेवलं, माझ्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि मोठ्याने, अगदी शेजारी ऐकतील इतक्या मोठ्याने म्हणाली, "पिच्चर देखके नहीं गई मैं. तूने रुक जा नहीं बोला, इसलिए गई."

मी म्हटलं, मी तुला जा असंही म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "महिनाभर मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. अम्मी गप्प, अब्बा गप्प, तू गप्प. तुम्ही सगळे चांगलेच होतात, मला गरम रोटी मिळत होती. पण राहा असं कुणी म्हणालं नाही. सकाळी तुला बसचं सांगितलं ते बघायला, की आता तरी म्हणतोस का. तू पिशवी उचललीस." मला ती केळी आठवली, ताई. मी डझनभर घेतली होती, वाटेत भूक लागेल म्हणून.

मी पंचेचाळीस वर्षं त्या रिळावर राग धरून होतो. ते रीळ बिचारं पेटीतच होतं. त्याने कुणालाच पाठवलं नाही.

ती नंतर एवढंच म्हणाली की धुळ्याच्या बाईला विचार, तिने पोरीला पिक्चर सांगितलं, पण राहा म्हटलं का? मी तसंच्या तसं लिहितोय.

नजीर


धुळे, १ डिसेंबर २०२५

नजीरभाऊ,

तुमचं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. पोस्टमन गेल्यावर मी दारातच उभी राहून वाचलं. सलीमाने विचारलं त्याचं उत्तर, नाही. सव्वा महिन्याचे दोन महिने होत आले, मी तिला आवडीच्या भाज्या केल्या, अंथरूण घातलं, गोदा सांगितली. राहा एकदाही म्हटलं नव्हतं. मला वाटत होतं ते दिसतंच आहे.

दिपमाला सहाला आली. चपला काढत होती तेव्हाच म्हटलं, "तू इथेच राहा. मला तू हवी आहेस." ती एक चप्पल हातात घेऊन उभीच राहिली. मग रडली. म्हणाली, "आत्या, तू सारखी ती गोष्ट सांगायचीस. बाईने एकटीने चालत जावं, मागे बघू नये. मला वाटलं तुला माझी अडचण होतेय आणि तू सुचवते आहेस की मी आता माझी वेगळी वाट धरावी. वेगळी खोली घेऊन राहायची हिंमत माझ्यात नाही. म्हणून परत जाणार होते." सिनेमाचा शेवट तिला नुसता विनोदी वाटला होता, भाऊ. सनईला ती हसली म्हणे.

त्या संध्याकाळी मी तिला माझं सगळं सांगितलं, नशिराबाद, बंब, सगळं. तिने गोदाबद्दल काही विचारलं नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता. म्हणाली, "शुक्रवारी सिनेमा पाहिलास. मग सोमवारी सकाळी काय झालं?" हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. सांगायला तोंड उघडलं आणि सांगता सांगता आठवलं. सोमवारी सकाळी मी पिशवी भरून, डोक्यावर पदर घेऊन ओसरीत बसले होते. गोदा बिदा पाहूनही मी निघाले होतेच. आबा बैलांना पाणी पाजून आले. पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ नको. ऱ्हाय अठीच." मग पिशवी उचलून आत नेली आणि शेतावर निघून गेले. संध्याकाळी येताना डी.एड.चा फॉर्म आणला होता.

एवढंच. त्यात टाळ्या घेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी ते विसरले आणि सगळं श्रेय एका नटीला देत राहिले. तीस वर्षं वर्गात गोदा सांगितली, आबांचं नाव एकदाही घेतलं नाही. ते जाऊन बावीस वर्षं झाली. शनिवारी दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही.

काल बैठक झाली. तेजस, त्याचे आईवडील, एक काका. काका समाजाबद्दल बरंच बोलले. त्यांचं होऊ दिलं. मग मी म्हटलं, ही इथे राहणार आहे आणि नोकरी करणार आहे. तेजसला तिच्याशी बोलायचं असेल तर त्याने यावं, चहा घ्यावा आणि बोलावं, तोंड त्यालाही आहे. तेजस खाली मान घालून बसला होता. निघताना त्याने दिपमालाला विचारलं, "बस किती वाजता सुटते तुझी?" तिने सांगितलं, आता बसची गरज नाही. सहा महिन्यांतलं त्यांचं पहिलं बोलणं ते. पुढचं त्यांचं ते बघतील.

सलीमाला घेऊन या. ती येईल तेव्हा तिला दारातच काय म्हणायचं ते मला आता माहीत आहे.

सगळे गेल्यावर भूपेंद्र मागे थांबला. लेकीसमोर बोलवेना म्हणून मला गच्चीवर घेऊन गेला. म्हणाला, "अक्का, मी तिचा बाप आहे, मला काळजी वाटते. तू सांग, किती दिवस ठेवशील तिला?"

मी म्हटलं, "आबांनी मला किती दिवस, असं विचारलं नव्हतं."

रत्ना